लोडवर चालवलेली हार्ड डिस्क

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो बायकोचा. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं ते वाचून तो माझा होता असा कुणाचाही समज होईल.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. बायकोनं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासात मराठी टायपिंग आणि डीटीपी शिकून घेतलं होतं. घरी बसून लग्नपत्रिका, हॅण्डबिलं, संस्थांचे अहवाल जुळवून द्यायचे आणि प्रेसला पाठवायचे, असा तिचा बेत. त्यासाठी तिनं स्वतःच्या साठवलेल्या पैशातून कॉम्प्युटर जोडून घेतला. मी तेव्हा उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात टेस्टिंग सुपरवायझर होतो. म्हणजे नवं इंजिन टेस्ट बेडवर चढवायचं, चालू करायचं आणि शेजारी उभं राहून कान द्यायचा. आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून कारखान्यात माझं थोडं नाव होतं. घरात नव्हतं.

दुकानातला इंजिनिअर वायरी जोडून, चहा पिऊन गेला आणि बायकोनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं बटण दाबलं. आधी पंख्याचा 'घूंऽऽ' असा साधा आवाज आला. मग कॅबिनेटच्या पोटातून एकदम 'कर्रर्र... कट्कट्कट्... कर्रर्र' सुरू झालं. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे घालून हलवावेत तसं. बायको दचकून मागे सरली.

"अहो, हे काय?"

"काही नाही. हार्ड डिस्क फिरतीय."

"क्लासातल्या फिरत नव्हत्या का? त्यांचा कधी आवाज आला नाही."

"क्लासातले कॉम्प्युटर जुने. बसलेले. हा अजून बसायचाय."

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल. नवं इंजिन आवाज करतं. त्याचे भाग एकमेकांना सरावलेले नसतात. ते आधी नुसतं चालवायचं, मग थोडा थोडा लोड, म्हणजे भार, द्यायचा, आणि मग एका क्षणी त्याचा आवाज गोल होतो. मग आम्ही म्हणतो, इंजिन बसलं. कोल्हापुरात निम्म्या घरांत कुणी ना कुणी तरी फौंड्रीत, लेथवर नाहीतर इंजिनावर राबलेला असतो, त्यामुळं ही गोष्ट इथं कुणाला सांगावी लागत नाही. बायकोला मात्र सांगावी लागली, आणि तिला ती पटली नाही.

"दुकानात फोन करते," ती म्हणाली.

"दुकानदाराला विकण्यातलं कळतं. मशीनचं मला विचार."

तरी तिच्या समाधानासाठी मी आमच्या कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रींना घरी बोलावलं. मिस्त्री रविवारी आले ते हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच. बेअरिंगचा आवाज ऐकायची आमची ती पद्धत. टोक मशीनला लावायचं आणि मूठ कानाला. मिस्त्री कॅबिनेटशेजारी गुडघे टेकून बसले, मी दुसऱ्या बाजूनं. आळीपाळीनं आम्ही स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. बायको पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. आजारी माणसाच्या उशाशी दोन गाढवं बसलेली दिसावीत तसा तिचा चेहरा झाला होता.

"बेअरिंग न्हाय," मिस्त्री शेवटी म्हणाले. "बेअरिंग गेलं की किंकाळतंय. ह्यो सेटिंगचा आवाज हाय. पळवा सायेब. लोड द्या. बसतंय की!"

मी बायकोकडं पाहिलं. त्या पाहण्यात जेवढा विजय भरता येईल तेवढा भरला.

"कॉम्प्युटरला लोड कसला द्यायचा?" तिनं विचारलं.

हा प्रश्न मात्र खरा होता. मिस्त्री पोहे खात विचारात पडले. उत्तर पुढे तिच्याकडूनच मिळालं. क्लासात तिला डीफ्रॅग नावाचं एक काम शिकवलं होतं. ते सुरू केलं की हार्ड डिस्कवरचा सगळा माल उचलून पुन्हा ओळीनं लावला जातो, पडद्यावर रंगीत चौकटी सरकत राहतात. "महिन्यातून एकदा करायचं असतं," तिनं सांगितलं. मी ते पाहिलं, कान दिला, आणि हरखून गेलो. डिस्क नुसती घुमत होती, कडकडत होती, धापा टाकत होती. हाच तो लोड! मग मी ते रोज करायला लागलो. कामावर जाताना डीफ्रॅग लावून जायचं, आल्यावर कान लावून बघायचं. ती ओरडायची, "अहो, ते महिन्यातून एकदा!" मी म्हणायचो, "बसेपर्यंत."

अशात तिला पहिलं काम मिळालं.

आमच्या दूधवाल्याच्या ओळखीनं पेठ वडगावचे एक गृहस्थ आले. थोरल्या मुलीच्या याद्या झालेल्या, लग्न तोंडावर, आणि पत्रिकेचं गाडं नावांवर अडलेलं. पत्रिकेत नावं कुणाची, हा प्रश्न आमच्याकडं नवरा-नवरीच्या पसंतीपेक्षा अवघड असतो. वर कै. म्हणून गेलेल्यांची नावं, मग निमंत्रक, मग स्वागतोत्सुक, मग व्यवस्थापक, मग मामाकडची मंडळी. यात कोण कुणाच्या वर आणि कोण खाली, यावर माणसं लग्नाला यायची थांबतात. या पावण्यांच्या भावकीत दोन तट होते. एका थोरल्या चुलतभावानं तर सरळ सांगितलं होतं, माझं नाव वर नसलं तर मांडवात पाऊल टाकणार नाही. आठवडाभर बैठका होऊन कसाबसा एक क्रम ठरला होता, आणि तो क्रम लिहिलेला कागद पावण्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून काढला. खाडाखोड, बाण, चुकीच्या खुणा, पुन्हा बाण. मला तो उसाच्या फडाचा नकाशा वाटला.

बायकोनं तो धीरानं उतरवून घेतला. पावणे तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावर बोट टेकवून एकेक नाव वाचत गेले. कुठं काना चुकला, कुठं पदवी राहिली. शेवटी म्हणाले, "झाक. अगदी झाक झालं, वहिनी."

आणि त्यांनी तो कागद तिथंच टराटरा फाडला.

"अहो, कशाला?" बायको म्हणाली.

"ह्यो कागूद भावकीतल्या कुणाच्या हाताला लागला, आनि आपलं नाव कुटनं कुटं खोडलंय ह्ये त्येनं बगितलं, तर डोकी फुटतील. आता हाय त्ये तुमच्या पेटीत. मामाकडचं एक नाव ऱ्हायलंय, इचारून सांगतो, मग द्या छापायला."

जाताना त्यांनी ते तुकडेसुद्धा खिशात भरून नेले.

बायकोकडं अजून प्रिंटर नव्हता. मजकूर पक्का झाला की फ्लॉपीवर घ्यायचा आणि प्रेसला नेऊन द्यायचा, असं ठरलेलं. तिनं त्या दिवशीच फ्लॉपी काढली होती. मीच म्हणालो, "एका नावासाठी दोनदा कशाला करतेस? येऊ दे ते नाव." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं डीफ्रॅग लावून कामावर गेलो.

परत आलो तेव्हा दारातच थबकलो. घरात शांतता होती. पंख्याचा बारीक घूं तेवढा. कर्रर्र नाही, कट्कट् नाही. बूट न काढता मी कॅबिनेटपाशी गेलो, कान टेकवला. आत एखादं देऊळ असावं इतकं शांत. मी ओरडलोच, "अगं, ये! लवकर ये!"

ती ओले हात पुसत धावत आली. "काय झालं?"

"ऐक. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर!" मी म्हणालो. "बसलं!"

त्या क्षणी मला इतका आनंद झाला होता की मी मिस्त्रींच्या शेजाऱ्यांकडं फोन लावून निरोपसुद्धा ठेवला. फोन ठेवून वळलो तर बायको माउस हलवत होती. पडद्यावरच्या रंगीत चौकटी जिथल्या तिथं गोठलेल्या. तिनं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एक इंग्रजी ओळ आली. तिनं ती दोनदा वाचली आणि माझ्याकडं न बघता सांगितलं, "आत डिस्कच नाही म्हणतोय."

"नाही कशी? सकाळी तर होती."

यापेक्षा शहाणं वाक्य मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. त्यानं कॅबिनेट उघडलं, ती चपटी डबी बाहेर काढली, दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली आणि मान हलवली. "गेली."

"गॅरंटी आहे ना?" मी.

"आहे की. नवीन बसवून देतो."

माझा जीव भांड्यात पडला. आमच्या धंद्यात पार्ट बदलून मिळाला की विषय संपतो. पण बायको मटकन जमिनीवर बसली. "आणि आतलं?"

"आतलं गेलं, मॅडम. ते कसं देणार?"

"काहीच करता येत नाही?"

"मुंबईला काढून देतात म्हणे कुणीतरी. नवा कॉम्प्युटर येईल तेवढे पैसे मागतात, आणि निघेलच असं नाही." मग त्यानं साहजिकच विचारलं, "आधी आवाज येत नव्हता?"

"येत होता," मी म्हणालो.

"कसा?"

मी कसा ते तोंडानं करून दाखवलं. त्यानं डोळे मोठे केले. "आणि तुम्ही चालूच ठेवला?"

बायको खालून म्हणाली, "चालू नाही, पळवला. लोडवर."

इतक्या थंड आवाजात ती माझ्याशी त्याआधी कधी बोलली नव्हती. मी इंजिनाशेजारी आयुष्य घालवलं, पण चढत्या आवाजापेक्षा उतरलेला आवाज भयंकर असतो, हे त्या आठवड्यात मला दोनदा कळलं.

संध्याकाळी वडगावचे पावणे आले, मामाकडचं राहिलेलं नाव घेऊन. हसत हसतच आले. बायकोनं त्यांना पाणी दिलं आणि सरळ सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती आडून आडून सांगेल, लाइट गेली वगैरे. तसं काही नाही.

"गेलं म्हंजी कुटं गेलं?" पावणे म्हणाले.

"डिस्क बंद पडली. आतला मजकूर गेला."

"मग डिस्क कुटं हाय?"

"ही काय." टेबलावर होती ती मी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, वजन घेतलं.

"माजी समदी भावकी ह्येच्यात हाय?"

"हो."

पावणे हातातल्या डिस्ककडं बघतच राहिले. "पैल्यांदाच एका जागंला गप बसलीया," ते म्हणाले. मला हसू फुटलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून ते घशातच राहिलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"वहिनी, त्यो क्रम तुमास्नी ध्यानात हाय?"

"नावं सगळी आहेत. क्रम नाही. कोण निमंत्रक, कोण स्वागतोत्सुक, ते नाही सांगता येणार."

"मलाबी न्हाई. रोज बदलत हुता, कसा ध्यानात ऱ्हाईल?" त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता परत इचारायला गेलो, की परत बैठक. परत त्योच तमाशा. त्या चुलतभावाला निमित्तच पायजे. पोरीचं लगीन हाय हो! भावकीतलं निम्मं दार झाकून बसलं, तर तिच्या सासरची काय म्हनतील? तिला जलमभर ऐकून घ्यावं लागंल."

मी खाली मान घालून बसलो. त्या घरात माझ्याएवढी निरुपयोगी वस्तू दुसरी नव्हती, आणि त्यांच्या मांडीवर तर एक बंद पडलेली हार्ड डिस्कही होती.

बायकोनं त्यांच्या मांडीवरची डिस्क उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "भाऊ, एक करू या? निमंत्रक, स्वागतोत्सुक असे वेगळे गट ठेवायचेच नाहीत. गेलेल्यांची नावं वर. त्यांच्या खाली सगळे निमंत्रक. आणि नावं शाळेतल्या हजेरीसारखी. अ पासून ह पर्यंत. वर बारीक अक्षरात तसं लिहायचं, नावे वर्णानुक्रमे."

"म्हंजी थोरला-धाकटा न्हाई?"

"नाही."

"सोसायटीचं चेअरमन-बिअरमन?"

"नाही."

मला धक्काच बसला. लग्नपत्रिकेत चेअरमनला हजेरीत बसवायची कल्पना माझ्या डोक्यात जन्मात आली नसती. पावण्यांनाही बसला असावा. ते मनातल्या मनात एकेक नाव लावून बघायला लागले, ओठ हलत होते. मध्येच थांबले.

"वहिनी, मग त्यो चुलतभाऊ पयला येतोय. त्येचं नाव अ नं हाय."

"येऊ दे."

"आनि माजं ह नं हाय."

हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. नवरीचा बाप, आणि सगळ्यांच्या खाली. ती घाईनं म्हणाली, "तुमचं आपण वेगळं घेऊ, वर."

"नगं." पावण्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मला वर घेटलं की दुसरा म्हनंल मला का न्हाई. एकदा हजेरी म्हनली की हजेरी. लावा मला शेवटी."

नवी डिस्क बसली. तिचा आवाज येत नव्हता, आणि मी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. बायकोनं सगळं पुन्हा टाइप केलं, एक नाही दोन फ्लॉप्यांवर घेतलं, प्रेसमधून एक कच्ची प्रत काढून आणली आणि पावण्यांना दिली. ते ती भावकीत फिरवायला घेऊन गेले. ती प्रत परत येईपर्यंत बायकोचा जेवणावर जीव नव्हता. पहिलंच काम. ते फसलं तर वडगाव काय, कोल्हापुरातही तिच्याकडं कुणी पत्रिका आणणार नाही, हे ती बोलली नाही, पण कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं कव्हर घालून ती त्याच्याकडं पाठ करून बसायची.

प्रत घेऊन आला तो चुलतभाऊच. मोटारसायकल दारात उभी करून, जिना दणाणत वर. उंचापुरा, पांढरे कपडे, आवाज गल्लीभर.

"पत्रिका कुनी केलीया?"

मी उठून पुढं झालो. एवढं तरी करायलाच हवं होतं. "या, बसा."

"बसायला न्हाई आलो, पावणं. मला पयला का घातलाय?"

मी बायकोकडं पाहिलं, बायकोनं माझ्याकडं. आम्ही दोघंही 'मानाचा क्रम का मोडला?' या प्रश्नाच्या तयारीत होतो.

"पहिलंच पाहिजे होतं ना तुम्हाला?" ती म्हणाली.

"पायजे हुतं! पन भांडल्याबिगर कसं मिळालं? ह्येच्यात कायतरी डाव हाय. समदे हसाय लागल्यात मला."

तिनं त्याच्यापुढं खुर्ची सरकवली, हजेरीचा हिशेब समजावला, अ पासून बोट ठेवून. तो तिच्या बोटाबरोबर खाली खाली येत गेला. शेवटच्या ओळीला बोट थांबलं. तो त्या नावाकडं बघत राहिला.

"ह्यो का खाली?"

"त्यांचं नाव ह नं आहे."

"आवो पन त्येच्या पोरीचं लगीन हाय की! बापाला कोन खाली घालतंय? डोकं हाय का न्हाई तुमच्या कॉम्प्युटरला?"

"त्यांनीच सांगितलं तसं घालायला."

"त्यो सांगंल! त्येला काय कळतंय! त्येला वर घ्या. माज्या वर घ्या. न्हाईतर माजं नाव काडा."

मी आ वासून उभा. आठवडाभर ज्या नावासाठी बैठका झाल्या, ते नाव काढा म्हणून हा माणूस माझ्या घरात टेबलावर मूठ आपटत होता, आणि तीसुद्धा बायकोच्या कीबोर्डशेजारी. तिनं हळूच कीबोर्ड बाजूला घेतला.

"मला परस्पर बदलता येणार नाही," ती म्हणाली. "त्यांना विचारते."

तिनं वडगावला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून पावण्यांचा आवाज इतका मोठा आला की आम्हा तिघांनाही ऐकू गेला.

"त्यो हाय का तितं? कुनासाटनं भांडतोय? माज्यासाटनं?"

"हो."

"मग पत्रिकंला हात लावू नगा, वहिनी. हाय तशी छापा. आनि त्येला च्या पाजा. आजवर माज्याशी भांडला, माज्यासाटनं भांडताना त्येला पैल्यांदा बगतोय. भांडू दे निवांत."

चुलतभावाच्या कानाची पाळी लाल झाली. तो काही तरी बोलणार होता, पण फोन बंद झाला होता. मग तो धपकन खुर्चीत बसला आणि टोपी सारखी केली.

"बगितलं का, वहिनी?" तो म्हणाला. "असा हाय ह्यो. थोरल्या भावाचं कंदी ऐकनार न्हाई."

बायको चहा टाकायला आत गेली. जाता जाता तिनं मला सांगितलं, "प्रेसला फोन करा. म्हणावं, घ्या छापायला."